परगावी प्रचार : जिथे आपलं मत नाही तिथे मत मागताना

आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी सहज बोलून गेले, की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मी दक्षिण गोव्यात प्रचाराला गेले होते. लगेच तीन प्रश्न आले. पैसे किती मिळाले? तिथे तुला ओळखतं कोण? आणि तुझं तिथे मतच नाही, मग मत मागायचा तुला अधिकार काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे : काही नाही मिळालं. दुसऱ्याचंही सोपं आहे : मावशी ओळखते. तिसऱ्याचं उत्तर मात्र चहाच्या कपाएवढ्या वेळात देता येत नाही. म्हणून हा लेख.

उमेदवार कोण आणि पक्ष कुठला, हे मी लिहिणार नाही. आपलं हे मासिक त्यासाठी नाही, आणि मला सांगायचं आहे ते कुठल्याही पक्षाला सारखंच लागू पडतं. परगावी जाऊन प्रचार करणं म्हणजे नेमकं काय काम असतं, त्याला कायदा काय म्हणतो, आणि परकं असण्याचा त्यात फायदा किती आणि अडचण किती, एवढंच मांडते.

काम असतं यादीचं

प्रचार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सभा, झेंडे, गाडीवरचा कर्णा येतो. स्वयंसेवकाचं काम यातलं जवळजवळ काहीच नसतं. त्याचं काम असतं मतदार यादीचं. प्रत्येक मतदारसंघाची यादी भागांमध्ये विभागलेली असते. एक भाग म्हणजे साधारण एक मतदान केंद्र. त्यात घर क्रमांकानुसार नावं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, अनुक्रमांक. आम्हाला रोज सकाळी एका भागाची प्रत हातात मिळायची आणि दोघी-दोघींची जोडी करून पाठवायचे. माझी जोडीदारीण तिथलीच, मडगावची. हा नियम चांगला होता : प्रत्येक बाहेरच्या पोरीबरोबर एक गावची.

दारात जाऊन काय करायचं? पत्रक द्यायचं, दोन वाक्यं बोलायची, प्रश्न असेल तर लिहून घ्यायचा, आणि बाहेर आल्यावर यादीत खूण करायची : आपल्या बाजूचे, समोरच्या बाजूचे, अजून ठरवलं नाही असे. यातले तिसरे लोक सगळ्यांत महत्त्वाचे, कारण शेवटच्या आठवड्यात उमेदवार स्वतः तिथेच जातो. दिवसाला चाळीसेक घरं व्हायची. दुपारी एक ते चार मात्र काहीच नाही. गोव्यात त्या वेळेत कुणाचं दार वाजवलंत तर मत जाईलच, वर शेजाऱ्यांची चार मतं घेऊन जाईल, असं माझी जोडीदारीण म्हणायची.

यादी वाचायला लागलं की गावाची कहाणी कळते. आपण साहित्याचे विद्यार्थी कादंबरीत समाज शोधतो, पण मतदार यादीसारखं दुसरं पुस्तक नाही. सासष्टीत एका घराच्या नावे यादीत पाच माणसं असायची आणि बल्कांवात बसलेली असायची एकटी आजी. एक मुलगा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. एक आखातात. नातू पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये. यांत कायदेशीर फरक मोठा आहे. जो भारतीय नागरिक परदेशात राहतो आणि ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलेलं नाही, तो फॉर्म ६ अ भरून मतदार राहू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः केंद्रावर यावं लागतं. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्याचं भारतीय नागरिकत्व संपतं, आणि त्याबरोबर मतही. आजीला हे सगळं एका दमात समजावून सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ती म्हणायची, घर त्याचंच आहे गो.

तिथे उभं राहून मला पहिल्यांदा आमच्या दोघांमधला विरोधाभास जाणवला. त्या नातवाचं घर, शेत, चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला सगळं त्या गावात, पण मत नाही. मी त्या गावात उन्हातान्हात पायपीट करतेय, माझंही मत नाही.

मत जागेला बांधलेलं असतं

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० सालचा एक आणि १९५१ सालचा दुसरा. पहिल्यात यादीत कोण येतं ते आहे. त्यात शब्द आहे ‘सर्वसाधारण रहिवासी’. जिथे तुम्ही खरोखर राहता, तिथे तुमचं नाव. घर किंवा जमीन नावावर आहे एवढ्याने रहिवासी होत नाही, आणि थोडे दिवस बाहेर गेलात म्हणून रहिवासीपण जातही नाही. शिवाय एका वेळी एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं. दोन ठिकाणी नाव म्हणजे गुन्हा, हौस नव्हे.

प्रचार करायला मात्र असं कुठलंही बंधन नाही. भारताचा नागरिक देशात कुठेही जाऊन बोलू शकतो, फिरू शकतो, लोकांना पटवू शकतो. म्हणजे मत जागेला बांधलेलं, आणि मत मागणं मोकळं. परगावच्या स्वयंसेवकाची सगळी गंमत आणि सगळी पंचाईत या एका फरकात आहे.

बाकी नियम बरेच आहेत, आणि परगावच्याने ते जास्त पाठ करावेत, कारण चूक झाली तर ‘बाहेरून माणसं आणली’ हे पहिलं वाक्य ऐकू येतं. थोडक्यात सांगते.

प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. ते नसलेला कागद हातातही घेऊ नये. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. देऊळ, मशीद, चर्च प्रचाराची जागा म्हणून वापरता येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागणं गुन्हा आहे, आणि उमेदवाराचं टेबल २०२४ मध्ये २०० मीटरच्या बाहेर असावं लागायचं. पक्ष जी मतदार चिठ्ठी देतात ती साध्या पांढऱ्या कागदावर, तिच्यावर चिन्ह नाही, उमेदवाराचं नाव नाही. केंद्राच्या आत बसणारा मतदान प्रतिनिधी त्या मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. म्हणजे परगावची मी, कितीही राबले तरी, त्या खोलीत बसू शकत नाही.

आणि खर्च. गोव्यात लोकसभेच्या उमेदवाराला २०२४ मध्ये खर्चाची मर्यादा ७५ लाख रुपये होती. मोठ्या राज्यांत ती ९५ लाख. जिल्हा निवडणूक अधिकारी वस्तूंचे दर ठरवून देतात : चहा, नाश्ता, जेवण, खुर्ची, मंडप. कार्यकर्त्यांनी प्यालेला चहा त्या दराने उमेदवाराच्या हिशेबात जातो. आमच्या कार्यालयात एक काका वही घेऊन बसायचे आणि कपांची संख्या लिहायचे. तिसरा कप मागितला की चष्म्याच्या वरून बघायचे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या एकूण खर्चाला नाही, हेही मला त्या काकांनीच सांगितलं.

गाव लपव, आडनाव दाखव

आता खरी गोष्ट. पहिल्याच दिवशी प्रचाराची आखणी करणाऱ्या एकाने मला दोन सूचना दिल्या. एक : खानापूरची आहे असं सांगू नको, मावशीच्या गावची म्हण. दोन : दारात गेल्यावर आधी पूर्ण नाव सांग, आडनावासकट, आणि गळ्यातला क्रूस दिसू दे. माझी यादीही त्याने तशीच काढली होती, कॅथलिक वाड्यांची.

पहिली सूचना का, हे गोव्यातल्या आणि खानापूरच्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. गोव्याची जीवनदायिनी म्हादई आमच्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते. कर्नाटकात तिला महादायी म्हणतात. कणकुंबीजवळचे कळसा-भांडुरा कालवे, त्यातून मलप्रभेत वळवायचं पाणी, यावर कर्नाटक आणि गोव्याचा वाद कित्येक वर्षं चालू आहे. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला : कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. वाद तरीही मिटलेला नाही. त्यामुळे गोव्यात ‘मी खानापूरची’ म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, असं त्या माणसाला वाटत होतं.

मी दोन्ही सूचनांना नाही म्हटलं. तत्त्वाचा आव आणून नाही म्हटलं असं समजू नका. मला साधं वाटलं की खोटं बोलून चाळीस घरं फिरले तर एकेचाळिसाव्या घरात मावशीच्या ओळखीचं कुणी निघेल. गोवा लहान आहे. तो म्हणाला, बघ तुझं तू.

केप्याकडच्या एका घरात एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी विचारलं, “तूं खंयचें?” मी म्हटलं, खानापूरची. ते म्हणाले, “म्हणजे आमचं पाणी अडवणाऱ्यांतली.” मी म्हटलं, “गुरुजी, पाणी आमच्याकडून निघतं एवढं खरं. पण कालवा ज्यांच्या शेताजवळून जातो त्यांतले किती जण मत विचारून खोदला म्हणतील, ते तुम्हीच येऊन विचारा.” मग अर्धा तास ते मला विचारत बसले. कणकुंबीला पाऊस किती पडतो, उन्हाळ्यात विहिरी कधी आटतात, जंगल किती राहिलंय. पत्रकातल्या आमच्या उमेदवाराच्या वाक्यावर त्यांनी एक अवघड प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं नाही, लिहून घेतला आणि कार्यालयात दिला. ते कुणाला मत देणार होते ते मला कळलं नाही. यादीत मी ‘अजून ठरवलं नाही’ अशी खूण केली. पण त्या घरात मी मावशीच्या गावची म्हणून गेले असते तर पत्रक देऊन दोन मिनिटांत बाहेर पडले असते.

यातून परगावच्या माणसाचा एक खरा उपयोग मला समजला. तो दुसऱ्या काठाची माहिती घेऊन येतो. मत त्याने मागावं की नाही हा पुढचा प्रश्न, पण नदीच्या वरच्या गावचं माणूस खालच्या गावात बसून बोलतं, हे निवडणुकीशिवाय एरवी कधी होतं?

आता दुसरी सूचना, आडनावाची. १९५१ च्या कायद्यातलं कलम १२३(३) सांगतं, की धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. उमेदवाराने केला, त्याच्या प्रतिनिधीने केला किंवा उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कुणी केला तरी. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, ठरवलं की इथे फक्त उमेदवाराचा धर्म नव्हे, तर मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही येतं. सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते, आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

नाव सांगणं हा अर्थातच गुन्हा नाही. दारात कोण उभं आहे हे विचारायचा घरच्याला हक्क आहे, आणि विचारलं की मी पूर्ण नाव सांगायचे. फरक पुढच्या वाक्यात आहे. ‘मी अमुक, या उमेदवाराचं रेल्वेच्या दुपदरीकरणाबद्दल असं म्हणणं आहे’ हा प्रचार. ‘मी अमुक, आपण आपल्या लोकांनी आता एकत्र यायला हवं’ हा आडनावाचा वापर. एक शब्द इकडून तिकडे गेला की बदलतं.

आणि कायद्यापेक्षा जवळची गोष्ट म्हणजे आपली स्वतःची शिकवण. चर्चच्या कायद्यात, कॅनन २२७ मध्ये, प्रापंचिकांना सार्वजनिक जीवनात नागरिक म्हणून स्वातंत्र्य दिलेलं आहे. पण त्याच कॅननमध्ये अट आहे : ज्या विषयावर वेगवेगळी मतं असू शकतात तिथे आपलं मत हीच चर्चची शिकवण आहे असं भासवू नये. गळ्यातला क्रूस मी रोज घालते, तसा तेव्हाही होता. पण तो पत्रकासारखा पुढे करायला सांगितला तेव्हा मला ती अट आठवली. आपल्याकडे अनेकांना वाटतं की कॅथलिक माणसाने राजकारणापासून चार हात लांब राहावं. तसं चर्च म्हणत नाही. पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेण्याची मनाई आहे ती धर्मगुरूंना, आपल्याला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘गौदियम एत स्पेस’ या दस्तऐवजात लोकहितासाठी राजकारणाचा भार उचलणाऱ्यांचं कौतुकच केलेलं आहे. म्हणजे जावं, पण चर्चच्या नावाने बोलू नये.

दोन दिवसांनी मी माझी यादी बदलून मागितली. मिळाली, कुरकुर करत. मग सगळ्या प्रकारचे वाडे आले.

भाषा आणि १९६७

मराठी बोलणारी कॅथलिक मुलगी हा प्रकार सासष्टीत चटकन पचत नाही. तिथे कॅथलिक म्हणजे कोंकणी, आणि तीही लिहायची रोमी लिपीत. आमच्या पत्रकाच्या तीन आवृत्त्या होत्या : रोमी कोंकणी, देवनागरी कोंकणी आणि मराठी. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा आहे, आणि मराठीचा वापरही शासकीय कामांसाठी करता येतो. पण कायदा वेगळा आणि कुठल्या घरात कुठला कागद काढायचा ते वेगळं. चुकीचा कागद हातात दिला की समोरच्याला वाटतं, हिने आपल्याला न विचारताच कुठल्यातरी खणात टाकलं. म्हणून मी आधी विचारायचे. मला कोंकणी कळते, आजीमुळे, बोलताना मात्र दर तिसरा शब्द मराठी येतो. “कोंकणी येता गो तुका?” असं विचारलं की मी “थोडी” म्हणायचे, आणि लोक हसून बसायला सांगायचे.

सगळेच हसले नाहीत. एका म्हाताऱ्या बाईंनी माझं मराठी ऐकल्यावर सरळ १९६७ काढलं. तो इतिहास माहीत नसेल तर परगावच्या प्रचारकाने गोव्यात पाऊल टाकू नये, असं माझं मत झालंय. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित प्रदेश म्हणून ठेवायचा, असा प्रश्न. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळेपणासाठी दोन पानं अशी चिन्हं होती. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. महाराष्ट्रातून नेते आणि कार्यकर्ते विलीनीकरणाच्या बाजूने प्रचाराला आले होते. निकाल लागला : वेगळेपणाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावं ही मागणी मान्य झाली नव्हती.

आम्हा सीमाभागातल्या लोकांना हे आकडे आतून कळतात. मराठी भाषकांनी कुठल्या राज्यात असावं हा प्रश्न बेळगावात १९५६ पासून आहे, आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा केलेला आहे. आमच्याकडे बाहेरून येणारा मराठी नेता कुणाला आपला माणूस वाटतो, कुणाला उपरा. गोव्यात मी त्याच मराठीत बोलत होते, पण त्या बाईंच्या कानाला ती १९६७ ची मराठी होती : बाहेरून येऊन आमचं ठरवणारी. त्यांच्याशी वाद घालायचं मला काही कारण नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की आमच्या गावात असा कौल कधी झालाच नाही. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बस, उदक दितां.”

बाहेरचे कधी लागतात?

मग परगावच्या माणसांनी जाऊच नये का? याला दुसरी बाजू आहे, आणि ती दाखवणारं उदाहरण आपल्यातल्याच एका माणसाचं आहे. जॉर्ज फर्नांडिस मंगळूरचे, कॅथलिक, तरुणपणी बंगळुरूच्या सेमिनरीत शिकलेले, नंतर मुंबईत कामगारांमध्ये वाढलेले. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात ते तुरुंगात होते. मार्च १९७७ ची लोकसभा निवडणूक त्यांनी बिहारमधल्या मुझफ्फरपूरमधून तुरुंगात असतानाच लढवली. ना ते तिथले, ना त्यांना तिथे जाता येत होतं. साखळदंडातले हात उंचावलेला त्यांचा फोटो हाच उमेदवार म्हणून गावोगाव फिरला. सुषमा स्वराज तेव्हा तरुण वकील होत्या, हरियाणातल्या. त्याही प्रचाराला गेल्या होत्या. फर्नांडिस तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले.

इथे बाहेरची माणसं लागली कारण उमेदवाराला स्वतःला बोलायची बंदी होती. एरवीही काही गोष्टी बाहेरच्याला सोप्या जातात. गावातला कार्यकर्ता काही दारं टाळतो, कारण तिथे जमिनीचं भांडण आहे, सोयरीक मोडलेली आहे, पंचायतीत वाजलेलं आहे. बाहेरच्याला ती दारं सारखीच. शिवाय काही माणसं गावच्या माणसासमोर मनातलं बोलत नाहीत, कारण ते संध्याकाळपर्यंत तिंट्यावर पोचतं. माझ्यासमोर बोलायची, कारण मी जाणारच होते.

पण याच कारणासाठी बाहेरच्याने काही गोष्टी करू नयेत. आश्वासन देऊ नये, कारण ते मोडलं तर ऐकून घ्यायला आपण तिथे नसतो. गावातल्या जुन्या भांडणात बाजू घेऊ नये. आणि ‘आपल्या गावासाठी’ असं म्हणू नये. तो शब्द माझ्या जोडीदारणीचा होता. मी ‘तुमच्या गावासाठी’ म्हणायचे.

शेवटचे ४८ तास

मतदान संपायच्या वेळेच्या ४८ तास आधी प्रचार थांबतो. ७ मे २०२४ ला संध्याकाळी ६ पर्यंत मतदान होतं, म्हणून ५ मेला ६ वाजता शांतता. या वेळेबरोबर निवडणूक आयोगाची आणखी एक सूचना लागू होते : प्रचाराला बाहेरून आलेले, तिथले मतदार नसलेले राजकीय कार्यकर्ते मतदारसंघ सोडून जावेत. लॉज, मंगल कार्यालयं, अतिथिगृहं तपासली जातात.

पहिल्यांदा ऐकलं की हा नियम थोडा अपमानास्पद वाटतो. दोन आठवडे राबवून घेतलं आणि आता चालते व्हा! मला मात्र तो या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा नियम वाटतो. बाहेरच्यांनी हवं तेवढं बोलून घ्यावं, मग निघून जावं, आणि ज्यांना निकालाबरोबर पाच वर्षं राहायचं आहे त्यांना दोन दिवस एकटं सोडावं. ‘मत मागायचा तुला अधिकार काय’ याचं माझं उत्तर इथेच आहे. बोलायचा अधिकार आहे. पण ठरताना तिथे असायचा नाही. जो हे दोन्ही मान्य करतो त्याने खुशाल परगावी जावं.

मला तर तो नियम उपयोगीही पडला. खानापूर विधानसभा क्षेत्र उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतं, आणि तिथेही मतदान ७ मेलाच होतं. स्वयंसेवकाला टपाली मत मिळत नाही. दुसऱ्याच्या हाती मत पाठवता येत नाही. म्हणून ५ मेच्या दुपारीच मी मडगावहून बस धरली आणि अनमोड घाटातून घरी आले. ७ तारखेला सकाळी आई-पप्पांबरोबर मत दिलं. आमचा मतदारसंघ पार कारवारच्या समुद्रापर्यंत पसरलेला आहे, आमचा वाडा त्याच्या एका टोकाला. आमच्या दारात वही घेऊन, प्रश्न लिहून घ्यायला, गावचं किंवा परगावचं कुणीच आलं नव्हतं. पत्रकं तेवढी गेटात खोचलेली होती.

जायचंच असेल तर

कुणाला पुढच्या निवडणुकीत जायचं असेल तर चार गोष्टी. तिथे घरचं किंवा ओळखीचं कुणीतरी असू दे, विशेषतः मुलींनो. जोडीदार गावचाच मागा. पैसे घेऊ नका आणि पैशांची पाकिटं नेऊन पोचवायचं काम तर अजिबात घेऊ नका. आणि घरून निघण्यापूर्वी त्या जागेचा निदान पन्नास वर्षांचा इतिहास वाचा, नाहीतर तुमच्या तोंडचा साधा शब्दही तिथे भलताच ऐकू जाईल.

पण त्याहीआधी स्वतःचं नाव यादीत आहे का ते बघा. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांचं नाही. अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरली जाते : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८. होस्टेलवर राहणाऱ्यांना गावी नाव ठेवता येतं किंवा कॉलेजच्या ठिकाणी, पण दोन्हीकडे नाही. कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी खानापूरलाच ठेवलंय. पुढच्या वेळी आमच्या दारात कुणी परगावची मुलगी वही घेऊन आली, तर तिला विचारायचे प्रश्न मी आत्तापासून काढून ठेवतेय, म्हादईपासून सुरुवात करून.